आधी विचारा, मग पाना उचला



बंद पडलेली जुनी स्कूटर समोर आली की आपल्यापैकी बहुतेक जण तीनपैकी काहीतरी एक करतात. घाम फुटेपर्यंत किक मारत बसतात. नाहीतर मोबाईलवर दिसलेल्या पहिल्या व्हिडिओत जो पार्ट बदललाय तोच मागवतात. नाहीतर गाडी ढकलत गॅरेजला नेतात आणि "बघा काय झालंय ते" म्हणून मोकळे होतात. तिन्ही ठिकाणी एकच गोष्ट राहून जाते. गाडीला नेमकं काय झालंय, हे गाडीलाच विचारलेलं नसतं.

विचारायचं म्हणजे काय? तर एका वेळी एकच प्रश्न, आणि तोही असा की ज्याचं उत्तर हो किंवा नाही एवढंच येईल. उत्तर आलं की ते मानायचं, मग ते आपल्याला आवडो वा न आवडो. आजचा पाठ एवढाच आहे. पण तो नुसता वाचून पदरात पडत नाही, म्हणून एका गाडीवर करून बघू.

गाडी माझ्या मामेबहिणीची. ती पुण्यात एका हॉस्पिटलमध्ये नर्स आहे, आठवड्याला तीन-चार रात्रपाळ्या. त्या वेळी बसचा भरवसा नाही आणि रिक्षा रोज परवडत नाही, म्हणून तिनं एका सोसायटीच्या पार्किंगमध्ये धूळ खात पडलेली २०१२ सालची, ११० सीसीची, बिनगिअरची स्कूटर चौदा हजारांना घेतली. गाडी तीन वर्षं जागची हलली नव्हती. दोन गॅरेजवाल्यांनी बघितली. एक म्हणाला, "रिंग-पिस्टन गेलंय." दुसरा म्हणाला, "हेड उघडावं लागेल, अकरा हजार धरून चाला." दोघांपैकी कुणीही साधा प्लग काढून पाहिला नव्हता. तिचा मला फोन आला तोच असा: "दादा, भंगारात देऊन टाकू का?"

एक खुलासा आधीच करतो. १ एप्रिल २०२० पासून आपल्याकडे बीएस-६ नियम लागू झाले आणि स्कूटर्सना फ्युएल इंजेक्शन आलं. त्याआधीच्या ॲक्टिव्हा, जुपिटर, ॲक्सेस या बहुतेक कार्बोरेटरवाल्या. आज जे सांगतोय ते कार्बोरेटरच्या गाड्यांचं. इंजेक्शनच्या गाडीला पंप आणि सेन्सर असतात, तिथे हे जसंच्या तसं लावू नका.

पाना उचलण्याआधी कागद बघा, शक्यतो पैसे देण्याआधी. आरसीवरचा चेसिस नंबर आणि इंजिन नंबर गाडीवर स्वतःच्या डोळ्यांनी वाचा. गंज असेल तर घासून वाचा. आरसीवर कर्जाचा बोजा दिसत असेल तर बँकेची एनओसी मागा. पेंडिंग ई-चलन ऑनलाइन दिसतात, ती विकणाऱ्याकडून भरून घ्या. नावावर करण्यासाठी फॉर्म २९ आणि ३० लागतात, विमा कंपनीला १४ दिवसांत कळवायचं असतं. दुचाकीचं रजिस्ट्रेशन १५ वर्षांचं असतं हेही मोजून ठेवा. २०१२ ची गाडी २०२७ मध्ये नूतनीकरणाला येणार, आणि हा मुद्दा भाव करताना काढायचा असतो. कागद गोंधळाचे असतील तर कितीही चांगली गाडी सोडून द्या. इथे मी अजिबात मऊ नाही.

आता पहिला प्रश्न. तो गाडीला नाही, विकणाऱ्याला विचारायचा: बंद पडली म्हणून उभी केली, की उभी केली म्हणून बंद पडली?

या दोन अगदी वेगळ्या गाड्या आहेत. रस्त्यात आवाज करून, धूर सोडून बंद पडली असेल तर इंजिनाबद्दल शंका घ्यायला जागा आहे. पण जी चालत घरी आली आणि मग कुणी तिच्याकडे बघितलंच नाही, तिचे आजार उभं राहिल्याचे असतात: बॅटरी मरते, पेट्रोल शिळं होतं, रबर कडक होतं, केबल गंजते, एअर फिल्टरच्या डब्यात उंदीर संसार थाटतात. आमच्या गाडीचे मालक एक आजोबा होते. गुडघे दुखायला लागले म्हणून त्यांनी चालवणं सोडलं. शेवटच्या दिवशी ते मंडईतून भाजी घेऊन नीट घरी आले होते. मग पार्किंगमध्ये उभ्या उभ्या पिस्टन कसा झिजेल? रिंगा गंजून चिकटू शकतात, नाही असं नाही. पण ते तपासायला हेड उघडावं लागत नाही, अंगठा पुरतो. त्याकडे येतोच.

इंजिन चालायला तीन गोष्टी लागतात. हवेत मिसळलेलं पेट्रोल आत जायला हवं, ते वर दाबलं जायला हवं, आणि योग्य क्षणी ठिणगी पडायला हवी. गॅरेजच्या भाषेत पेट्रोल, कॉम्प्रेशन आणि करंट. गाडी सुरू होत नाही याचा अर्थ यातली किमान एक गोष्ट नाही. कुठली नाही, हे कळल्याशिवाय एक रुपयाही खर्च करायचा नाही.

सुरुवात बॅटरीपासून केली, कारण ती मेलेली असेल तर पुढच्या उत्तरांवर विश्वास ठेवता येत नाही. काही गाड्यांचा करंट बॅटरीवरच चालतो, काहींचा नाही. मल्टिमीटर दोनशे-तीनशे रुपयांत मिळतो, घरात असू द्या. चांगली बॅटरी विश्रांतीत १२.६ व्होल्टच्या आसपास दाखवते. हिनं ९.८ दाखवले. चार्ज करून बघितली, रात्रभरात पुन्हा खाली. उत्तर मिळालं: बॅटरी गेली. नवी टाकली.

नव्या बॅटरीवर लगेच सेल्फ मारायचा मोह होतो. थांबा. तीन वर्षं उभ्या इंजिनात सिलिंडर कोरडा पडलेला असतो. डिपस्टिक काढून आधी ऑइल बघा. दुधाच्या चहासारखं दिसत असेल तर पाणी शिरलंय, ते बदलल्याशिवाय पुढे जाऊ नका. आमचं काळंकुट्ट होतं, पण पाणी नव्हतं. मग प्लग काढून त्या भोकात इंजिन ऑइलचे चार-पाच थेंब सोडले आणि हातानं किक हळूहळू दाबत इंजिन फिरवलं. अडकत नव्हतं, खरखर नव्हती.

प्लग काढलेलाच होता, म्हणून अंगठ्याचा प्रश्न तिथेच उरकला. प्लगच्या भोकावर अंगठा घट्ट दाबून धरायचा आणि दुसऱ्याला किक मारायला सांगायचं. कॉम्प्रेशन असेल तर हवा अंगठ्याला ढकलून फुस्सकन बाहेर येते, कितीही दाबा. माझा अंगठा दर किकला उडत होता. मामेबहिणीलाही करायला लावलं. "अरे, चांगलीच ढकलतेय की!" म्हणाली. ही गेजची अचूकता नाही, मान्य. पण रिंग-पिस्टनवर अकरा हजार घालावेत का, एवढ्या प्रश्नाला हे उत्तर पुरेसं आहे.

मग करंट. प्लग त्याच्या कॅपमध्ये परत बसवला, त्याचा धातूचा भाग इंजिनच्या उघड्या धातूला टेकवला आणि सेल्फ मारला. सावलीत बघायचं, उन्हात ठिणगी दिसत नाही. दोन सूचना कृपा करून पाळा. प्लग त्या उघड्या भोकापासून लांब टेकवायचा, कारण भोकातून पेट्रोलची वाफ येत असते. आणि धरायचा तो कॅपच्या रबराला, उघड्या धातूला नाही. तिथे हजारो व्होल्ट असतात आणि झटका चांगलाच बसतो. आमच्या प्लगवर टक्-टक् आवाज करत निळी ठिणगी पडत होती. म्हणजे करंट आहे.

प्लग नुसता बघितला तरी तो बरंच सांगतो. टोक हलकं तपकिरी असेल तर सगळं बरं चाललंय. कोरडी काजळी असेल तर पेट्रोल जास्त किंवा हवा कमी. तेलकट ओला असेल तर इंजिन ऑइल पितंय. पेट्रोलनं भिजलेला असेल तर पेट्रोल येतंय पण पेट घेत नाही. आणि आमच्यासारखा, दहा-बारा किका मारूनही ठणठणीत कोरडा? मग पेट्रोल सिलिंडरपर्यंत पोचतच नाही.

इथे आणखी एक प्रश्न विचारला, आणि माझ्या मते या सगळ्या कामातला सर्वांत मोलाचा तोच. औषधाच्या सिरिंजनं ताज्या पेट्रोलचे एक-दोन मिली प्लगच्या भोकात सोडले, सांडलेलं पुसून घेतलं, प्लग बसवला आणि सेल्फ मारला. गाडी भडभडून सुरू झाली आणि दोन सेकंदांत बंद पडली.

ते दोन सेकंद नीट समजून घ्या. इंजिन स्वतःच्या ताकदीवर फिरलं, म्हणजे कॉम्प्रेशन आहे, करंट आहे, करंट योग्य वेळेला पडतोय. हातानं दिलेलं पेट्रोल संपलं तेव्हाच ते थांबलं. आता इंजिन उघडायची भाषा कुणी करायची नाही. दोष टाकीपासून कार्बोरेटरपर्यंतच्या हातभर वाटेत कुठेतरी आहे.

त्या वाटेवर टाकीकडून निघालो. आतलं पेट्रोल काढलं तर रंग चहासारखा आणि वास रंगाच्या दुकानासारखा. पेट्रोल असं उभं राहिलं की त्यातला हलका भाग उडून जातो आणि मागे चिकट थर उरतो. शिवाय आता पंपावरच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. इथेनॉल हवेतलं पाणी ओढून घेतं, पाणी जास्त झालं की ते वेगळं होऊन तळाशी बसतं आणि टाकी आतून गंजायला लागते. आमच्या टाकीत थोडा गंज होता, धुऊन निघण्याइतका. हे काम उघड्यावरच करा, बंद पार्किंगमध्ये नाही. आणि ते शिळं पेट्रोल गटारात ओतू नका, कॅनमध्ये भरून जवळच्या गॅरेजला द्या. त्यांना पार्ट धुवायला चालतं.

पुढे पेट्रोलचा कॉक. जुन्या स्कूटरला ऑन-ऑफ-रिझर्व्हची कळ असायची. आता बऱ्याच बिनगिअर गाड्यांना आपोआप उघडणारा कॉक असतो. इंजिन फिरायला लागलं की ते एका बारीक रबरी पाइपमधून हवा ओढतं, त्या ओढीनं कॉकमधला पडदा उचलला जातो आणि पेट्रोल सुटतं. इंजिन बंद, की कॉक बंद. तो बारीक पाइप कुठे चिरला तर ओढ कॉकपर्यंत पोचत नाही आणि टाकी भरलेली असूनही थेंब खाली येत नाही.

हे तपासायला पुन्हा तीच सिरिंज. बारीक पाइपचं इंजिनाकडचं टोक काढून सिरिंजनं ओढलं, पेट्रोल आलं नाही. अशा वेळी दुकानदार सरळ म्हणेल, कॉक बदला. पण मग पाइपच काढून टाकला आणि सिरिंज थेट कॉकच्या तोटीला लावली. ओढताच पेट्रोलची धार बाटलीत पडली. कॉक ठणठणीत, दोषी पाइप! वरून तो चांगला दिसत होता. बोटांत वाकवला तेव्हा बोटभर तडा उघडला. नवा पाइप घेतला, चहा-वडापावच्या खर्चात. सोबतचा पेट्रोलचा पाइपही बदलला, कारण वय दोघांचं एकच.

गाडी सुरू झाली. मामेबहिणीनं टाळी वाजवली. रेस सोडली आणि गाडी बंद पडली. पुन्हा सुरू केली, रेस धरली तोवर चालली, सोडली की बंद.

इथे माणूस वैतागतो आणि एकदम चार गोष्टी बदलतो: नवा प्लग, नवा फिल्टर, स्क्रू इकडे, स्क्रू तिकडे. मग गाडी सुधारली तरी कशानं सुधारली ते कळत नाही आणि बिघडली तर परतीची वाट नाही. आमच्या कामात दहा कमिट एकदम टाकल्यावर जे होतं तेच. म्हणून पुन्हा प्रश्नच विचारला: रेसवर चालते, स्लोला नाही, तर स्लोचं पेट्रोल वेगळ्या वाटेनं येतं का? येतं. कार्बोरेटरमध्ये दोन जेट असतात. मोठ्या जेटमधून रेस दिल्यावर लागणारं पेट्रोल येतं, आणि स्लो जेटमधून गाडी नुसती उभी राहून चालताना लागणारं. स्लो जेटचं भोक सुईच्या टोकाएवढं असतं, त्यामुळे शिळ्या पेट्रोलचा चिकट थर आधी त्यालाच बुजवतो.

कार्बोरेटर काढला. उघडण्याआधी प्रत्येक बाजूनं फोटो काढून ठेवा, पाइप कुठला कुठे होता हे नंतर आठवत नाही. हवेचा स्क्रू काढण्याआधी तो किती फेऱ्यांवर होता ते मोजून लिहून ठेवा. खालची वाटी उघडली तर तळाशी हिरवट मेण साचलेलं. स्लो जेट उजेडासमोर धरला, आरपार काही दिसेना. कार्बोरेटर क्लीनरचा फवारा मारला, थोडा वेळ ठेवला, मग वायरमधला तांब्याचा एक केस घेऊन अलगद घातला. टाचणी किंवा सुई घालू नका. जेट पितळेचा असतो, भोक जरा मोठं झालं तरी गाडी कायमची जास्त पेट्रोल पीत राहते. तो फवारा रबराच्या पडद्यावरही उडवू नका, पडदा फुगतो. अर्ध्या तासानं जेटच्या भोकातून उजेडाचा ठिपका दिसला.

परत बसवलं. गाडी सुरू झाली आणि सुरूच राहिली. एअर फिल्टर मग बदलला. त्याचा कागद तेल लावलेला असतो, तो धुवायचा किंवा हवेनं फुंकायचा नसतो, बदलायचाच असतो. इंजिन गरम झाल्यावर ऑइल काढून नवं भरलं. रेसवर बॅटरीला मीटर लावला, १४ च्या जरा वर. म्हणजे चार्जिंगही होतंय. इंजिनाच्या बाजूला झालेला खर्च, बॅटरी सोडली तर, हजाराच्या खूप आत राहिला.

आणि बहुतेक जण इथेच हात धुतात. गाडी सुरू झाली म्हणजे झाली, असं गॅरेजमध्येही मानतात. मला हे पटत नाही. बंद पडलेली गाडी फार तर उशीर करते. रात्री अकराला, पावसात, स्पीडब्रेकर न दिसणाऱ्या रस्त्यावर जी थांबत नाही, ती गाडी जीव घेते. आमचा निम्म्याहून जास्त वेळ आणि जवळजवळ सगळे पैसे इथून पुढे गेले.

टायरची नक्षी छान होती. आजोबांनी चालवलीच किती! पण टायरच्या बाजूला एका लंबगोलात चार आकडे असतात: पहिले दोन आठवड्याचे, नंतरचे दोन वर्षाचे. आमच्यावर ३२१२ होतं, म्हणजे २०१२ सालचा बत्तिसावा आठवडा. रबर कडक, बाजूला बारीक भेगा, आणि एकाच जागी उभं राहून खाली सपाट झालेला भाग. "नक्षी आहे तर चालेल ना दादा?" असं तिनं विचारलं, कारण पैसे तिचे होते. नाही चालणार. ओल्या रस्त्यावर कडक रबर पकडत नाही. दोन्ही टायर बदलले.

पुढच्या ब्रेकचा लिव्हर दाबला की परत यायला वेळ लावायचा. केबल आतून गंजलेली होती. अशा केबलमध्ये तेल सोडून तात्पुरती सुटका होते, पण आतल्या तारा एकेक करून तुटत जातात, आणि शेवटची तुटते ती नेमकी जोरात ब्रेक दाबल्यावर. दोन्ही केबल नव्या टाकल्या. ड्रम उघडून लायनर बघितले, जाडी बरी होती. आतली धूळ तोंडानं फुंकू नका, ओल्या फडक्यानं पुसा. ती छातीत जायला नको. गिअर ऑइलही बदललं. बिनगिअरच्या गाडीला मागच्या चाकाजवळ वेगळं गिअर ऑइल असतं, चहाच्या एका कपाएवढं, आणि ते वर्षानुवर्षं कुणाच्या लक्षातच येत नाही.

चाचणी मी चांदणी चौकाकडच्या चढावर घेतली. चढाला इंजिन ओरडतं पण गाडी ओढत नाही, असं झालं तर बेल्ट किंवा क्लच घसरतोय. निघताना हिसके देत असेल तर क्लच आणि रोलर बघावे लागतात. ही ओढली, हिसका नव्हता. तरी बेल्टचं कव्हर काढून बघितलं. बेल्टच्या दातांच्या मुळाशी भेगा होत्या, म्हणून तोही बदलला. रात्री दोन वाजता बेल्ट तुटला तर तिला गाडी ढकलत न्यावी लागणार.

अशा गाडीचा पहिला आठवडा रोज बघायचा असतो. सकाळी निघण्याआधी खाली वाकून थेंब पडलाय का, पेट्रोलचा वास येतोय का, ब्रेक कालच्याएवढाच लागतोय का. हे मी तिला सांगून ठेवलं होतं. पाचव्या दिवशी तिचा फोन आला.

"दादा, खाली दोन थेंब आहेत. मागच्या चाकाच्या आतल्या बाजूला, इंजिनाखाली नाही. बोटाला घट्ट लागतं, पेट्रोलचा वास नाही. गिअर ऑइल असेल ना?"

होतं. मागच्या चाकाच्या दांड्यावरचं ऑइल सील इतकी वर्षं उभं राहून कडक झालं होतं, चाक रोज फिरायला लागल्यावर त्यानं हार मानली. हे सील गळलं की तेल सरळ ब्रेकच्या ड्रममध्ये उतरतं. तिला म्हटलं, आज गाडी घेऊन जाऊ नकोस. संध्याकाळी चाक काढलं तर एका लायनरची कड तेलानं काळी पडलेली. सील बदललं, ड्रम पुसून कोरडा केला आणि लायनरची जोडी नवी टाकली. तेल प्यालेला लायनर पॉलिश पेपरनं कितीही घासला तरी गरम झाल्यावर आतलं तेल पुन्हा वर येतं.